दहा दाखव, घरी जा

आमच्या कंपनीतून घरी जायचं तर दोन ठिकाणी हात दाखवावा लागतो. एकदा हजेरीच्या मशीनला आणि एकदा गंगाधरअण्णांना. मशीनला एक बोट पुरतं. अण्णांना दहाच्या दहा लागतात.

तीन वाजता पहिली शिफ्ट सुटली की अण्णा गेटच्या आतल्या बाजूला स्टूल टाकून बसतात. समोर येईल त्याला एकच वाक्य, "दहा दाखव, घरी जा." मग पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर करायचे, अण्णा नजरेनंच बोटं मोजणार, "हां, पळ," म्हणणार, की सुटलात. ऑपरेटर असो, हेल्पर असो, नाहीतर प्लांट हेड. एकदा कस्टमरकडून परदेशी पाहुणे आले होते. त्यांना वाटलं ही इकडची नमस्काराची पद्धत. चौघांनीही वाकून, हसून, दोन्ही हात वर केले. अण्णांनी चाळीस बोटं शांतपणे मोजली आणि म्हणाले, "बरोबर हायत. जावा."

आमचं चाकणला प्रेस शॉप आहे. गाड्यांना लागणारे पत्र्याचे लहानमोठे भाग तिथं दाबून काढतात. मी टाइम ऑफिसला असते, म्हणजे हजेरी, रजा, फॉर्म आणि सगळ्यांच्या शिव्या. मोशीहून रोज स्कूटीवर येते. त्या ट्रॅफिकमध्ये माझं निम्मं आयुष्य आणि सगळा गोडवा संपलाय, तेव्हा माझ्याकडून लाडीगोडीची अपेक्षा कोणी ठेवत नाही. तरी अण्णांबद्दल लिहिताना जरा नरमच व्हायला होतं, त्याला माझा इलाज नाही.

अण्णा लातूरकडचे. कागदावर टूल रूमचे हेल्पर, पण त्यांची खरी नोकरी म्हणजे भिंतीवरची ती प्रथमोपचाराची पेटी. कुठल्याशा जुन्या साहेबानं त्यांना तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. ते परत आले ते पेटीची किल्ली करदोड्याला बांधूनच. रोज सकाळी पेटी उघडायची, पट्ट्या मोजायच्या, कात्री पुसायची, पुन्हा बंद. घरच्या देवाची पूजा चुकत असेल, ही चुकत नाही.

शब्दही ठरलेले. कोणी भाजलं की, "आधी पाणी, मग कहाणी." म्हणजे कसं झालं, कोणाची चूक, हे सगळं नंतर, आधी हात नळाखाली. कॅन्टीनच्या मंगलमावशींच्या हातावर वड्याचं तेल उडालं तेव्हा जो तो आपापलं औषध घेऊन धावला. एकानं हळद आणली, एकानं बटाटा किसायला घेतला, कोणीतरी टूथपेस्ट पुढं केली. अण्णांनी सगळ्यांना बाजूला सारलं आणि मावशींचा हात नळाखाली धरला तो वीस मिनिटं सोडलाच नाही.

"अहो अण्णा, वडे जळायलेत माझे!" मावशी ओरडत होत्या.

"जळू दे. वडे उद्या बी होतील."

मग गर्दीकडं वळून म्हणाले, "ती टूथपेस्ट कुण्या शहाण्याची हाय? दात घासा म्हणावं तिनं." ती टूथपेस्ट माझ्या पर्समधली होती, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय.

फीट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवणाऱ्यांवर तर त्यांचा भारी राग. "चपलेनं फीट गेली असती तर चपलेच्या दुकानातच दवाखाना काढला असता की!" असं म्हणत ते त्या माणसाला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली स्वतःचा शर्ट घडी करून ठेवायचे आणि बनियनवरच शेजारी बसून राहायचे. बसायचे आणि बोलायचे. समोरच्याला ऐकू येवो न येवो, यांचं चालूच. "गाव कंचं बाळा? पाऊस झाला का तिकडं? घरी कोण कोण?"

या बोलण्यानंच त्यांचा घात केला.

यंदा नव्या सेफ्टी मॅडम आल्या. त्यांनी कागद तपासले, तर अण्णांच्या प्रमाणपत्राची मुदत कधीच संपलेली. पुढच्या महिन्यात कस्टमरचं ऑडिट. मॅडमनी सरळ सांगितलं, "परीक्षा पास व्हा, नाहीतर पेटीची किल्ली दुसऱ्याकडं द्यावी लागेल." अण्णांच्या रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेलं. ते माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, पेटी गेली तर मी या कंपनीत कोण ग?" मी त्यांच्यावरच ओरडले, "अभ्यास करा म्हणजे जाणार नाही!"

पहिल्या परीक्षेत ते नापास झाले. ट्रेनर साहेबांनी रबरी पुतळा जमिनीवर ठेवला. पेशंट शुद्धीवर आहे का बघायचं, मदतीला हाक मारायची, छाती दाबायला सुरुवात करायची. अण्णा गुडघ्यावर बसले, पुतळ्याच्या खांद्यावर थोपटलं आणि विचारलं, "काय झालं बाळा? गाव कंचं?" आणि उत्तराची वाट बघत बसले.

"अहो काका, ते रबर आहे!" साहेब घड्याळ दाखवत म्हणाले.

"आज रबर हाय. उद्या माणूस असंल. त्याला काय वाटंल, आल्या आल्या छाताडावरच बसलं म्हातारं?"

झालं! साहेबांनी वेळेचे गुण कापले आणि दहा दिवसांनी पुन्हा या म्हणाले.

ते दहा दिवस अख्खी कंपनी अण्णांचा अभ्यास घेत होती, आणि जेवणाच्या सुट्टीत पेशंट मी. एकदा माझा उजवा हात झोळीत, डावा हात छातीला बांधलेला, कपाळावर पट्टी, आणि अण्णांना कोणीतरी टूल रूममध्ये बोलावलं. ते गेले ते गेलेच. तेवढ्यात प्लांट हेड दारात. त्यांचा चेहरा पांढराफटक! "मॅडम, ॲक्सिडेंट कधी झाला?" मी म्हटलं, "सर, मला काही झालेलं नाही, फक्त नाक खाजतंय." कप्पाळ माझं.

दुसऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. चारची वेळ, पिंपरीला सेंटरवर. मी माझ्या स्कूटीवरून सोडायचं कबूल केलं होतं. "ही शेवटची संधी," मॅडमनी बजावलं होतं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तरी तीनला स्टुलावर बसलेच. "पाच मिनिटं ताई, एवढी शिफ्ट सोडतो अन् निघू."

शिफ्ट सुटत होती. कॉन्ट्रॅक्टवरचा रमेश, हिंगोलीकडचा, नवीनच लागलेला, बायको-पोरं गावाकडं, तो आला आणि एकच हात वर केला. दुसरा पँटच्या खिशात.

"दहा दाखव."

"घाई हाय अण्णा."

"काय लपवायलास? काढ हात."

हात बाहेर आला तो मशीन पुसायच्या चिंध्यांत गुंडाळलेला. चिंध्या लालभडक. अण्णांनी त्या अलगद सोडवल्या. पत्र्यानं तर्जनी आतपर्यंत कापलेली, आणि रक्त थांबावं म्हणून पठ्ठ्यानं मुळाशी रबरबँड आवळून बांधलेला. बोट काळंनिळं पडलं होतं.

"कधी लागलं?"

"बारा वाजता."

"आणि आत्तापर्यंत गप बसलास?"

रमेशनं मान खाली घातली. "उद्या शंभर दिवस भरत्यात ना अण्णा. माझ्यापाई सगळ्यांचं श्रीखंड जाईल."

आता हे सांगायला हवं. शॉपमध्ये एक फळा आहे, अपघाताविना किती दिवस गेले त्याचा. शंभर भरले की कॅन्टीनमध्ये श्रीखंड-पुरी. कोणाला लागलं की आकडा पुन्हा शून्य. फळा लावला सुरक्षिततेसाठी, आणि आमचे लोक त्या फळ्यापायी जखमा खिशात घालून घरी जायला लागले. नवीन माणूस, अजून कोणाशी धड ओळख नाही, आणि अख्ख्या कंपनीचं श्रीखंड बुडवायचं पाप माथी कसं घेणार? त्यापेक्षा बोट गेलेलं बरं, असा त्याचा हिशोब. मला रडूही आलं आणि त्याच्या कानाखाली एक द्यावीशीही वाटली.

अण्णांनी रबरबँड कापला. जखमेवर स्वच्छ घडी ठेवून दाबून धरली, हात छातीच्या वर उचलला. "माझ्याकडं बघ. तिकडं न्हाई. पोरं किती? नावं सांग." मी घड्याळाकडं बघितलं. सव्वातीन.

"अण्णा, याला कंपनीच्या गाडीतून पाठवू. सोबत कोणीतरी जाईल. तुमची परीक्षा..."

"ह्याचं इथं कोण हाय?" अण्णा म्हणाले आणि घडी तशीच दाबून धरून त्याच्याबरोबर गाडीत चढले. मी काय करणार? मीही चढले.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत शिरलो तर तिथली सिस्टर कागद पुढं करत हसूनच म्हणाली, "या अण्णा. आज कोण?"

"धाकटा भाऊ."

बोटाची शीर जोडायला लगेच आत घ्यायचं होतं आणि नातेवाईकाची सही हवी होती. अण्णांनी सराईतपणे सही ठोकली. मी चकित. सिस्टर मला म्हणाली, "तुम्ही नवीन दिसताय. यांचं गणगोत फार मोठं आहे हो. गेल्या खेपेला पुतण्या होता, त्याच्या आधी जावई. बिहारचा एक मेहुणासुद्धा आहे. मी विचारलं, बिहारचा मेहुणा कसा? तर म्हणाले, लव्ह मॅरेज."

अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करत बाकावर बसले होते, इस्त्रीच्या शर्टावर रक्ताचे डाग घेऊन. फोनवर हिंगोलीला रमेशच्या बायकोला समजावत होते. "घाबरू नको पोरी. मी हाय ना हितं. तू आली की मग मी जातो." डॉक्टर नंतर म्हणाले, तो रबरबँड घरापर्यंत तसाच राहिला असता तर बोट वाचलं नसतं. तोवर साडेपाच वाजले होते. परीक्षा केव्हाच संपली होती. अण्णांनी तिचं नावसुद्धा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सेफ्टी मॅडमकडं गेले आणि आवाज चढवूनच सगळं सांगितलं. त्यांनी आधी फळा उतरवायला लावला, मग ट्रेनर साहेबांना फोन केला. शनिवारी साहेब पुतळा घेऊन स्वतः चाकणला आले. अण्णांनी पुन्हा गाव विचारलंच, पण या वेळी हात थांबवले नाहीत. तीस वेळा छाती दाबून घामाघूम झाले आणि पास झाले. पेटी राहिली. श्रीखंड मंगलमावशींनी फळ्याशिवायच केलं.

सोमवारी प्रमाणपत्राचा फॉर्म भरायला अण्णा माझ्या खिडकीत आले. मी भराभर लिहीत गेले. नाव, पत्ता, रक्तगट. मग आला तो रकाना, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं.

"कोणाचं नाव टाकू अण्णा?"

"ते सोड की ताई."

"सोडून कसं चालेल? सगळ्यांकडून भरून घेते मी."

अण्णा खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. "ती होती तवर तिचं लिवायचो. तिला जाऊन बारा वर्षं झाली. लेकरूबाळ झालं न्हाई. महाळुंग्याला खोली हाय, घरमालक बरा हाय, पर त्याचं कशाला लिवायचं?"

मी कपाटातून त्यांची फाईल काढली. गेल्या बारा वर्षांच्या प्रत्येक फॉर्ममध्ये तो रकाना कोरा होता. माझ्याच कपाटातली फाईल, आणि मी कधी बघितलं नव्हतं. एवढ्या माणसांसाठी नातेवाईक म्हणून सही करणारा हा माणूस, आणि त्याला काही झालं तर आम्ही फोन कोणाला करणार होतो? लाज वाटली मला, खरंच लाज वाटली.

मी पेन उचललं. माझं नाव लिहिलं, मोबाईल नंबर लिहिला आणि नात्याच्या जागी लिहिलं, मुलगी. फॉर्म त्यांच्यापुढं सरकवला.

अण्णांनी तो लांब धरून वाचला. बराच वेळ वाचला. दोन ओळींना एवढा वेळ लागत नाही.

"मुलगी लिवलंस तर फोन उचलावा लागंल बघ. कवाबी."

"उचलीन," मी म्हटलं. "सही करा."

त्यांनी सही केली.