वांकड्या वाटेच्या बसची बखर

श्रीगणेशाय नमः. वाटाड्या तोच आणि वाहनही त्याचेंच, ऐसें जाणोन प्रथम त्यास दंडवत, मग ऐकणारांस रामराम. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, कार्तिक मासीं दक्षिण समुद्रांतील एका संस्थानीं जें वर्तमान जाहलें तें येणेंप्रमाणें. त्या मुलुखीं कार्तिकांत उन्हाळा लागतो, आणि दर चार वर्षांनीं निवडणूक लागते, आणि निवडणूक लागली म्हणजे रूळ, पूल आणि भुयारें यांस मोठा बहर येतो. मग जो तो पुढारी डोईवर पिवळी टोपी घालोन खड्ड्यापाशीं उभा राहतो आणि तसबीर काढवितो. खड्डा पुढें बुजवितात, तसबीर राहते.

त्या संस्थानीं दळणवळणाच्या मंत्री लिनेटबाई म्हणोन होत्या. बाई बुद्धीनें तल्लख, जिभेनें तिखट, परंतु पोटांत माया फार. त्यांचेच मतदारसंघांत सात नंबरची बस होती. ती टेकडीवरील वस्तींतून निघे आणि गल्लोगल्ली वळसे घेत, वाचनालय, दवाखाना, वृद्धाश्रम ऐसें करीत करीत शहरास उतरे. नियोजन खात्याचे मुख्य स्टुअर्ट साहेब, यांस सरळ रेघेचें वेड. नकाशावर ती बस पाहोन त्यांस अन्न गोड लागेना. ते बोलिले, "बाईसाहेब, ही बस नाही, जिलबी आहे. आणि हिच्यात बसतं कोण? लोक चढताना यंत्राला कार्ड लावतात, त्यावरून आम्ही मोजतो. सात नंबर रिकामीच जाते." बाईंनीं तो हिशेब पाहिला तों त्यांत खरोखरच माणूस दिसेना. मग हुकूम सुटला कीं सोमवारपासून सात नंबर बंद, आणि टेकडीखालील हमरस्त्यानें सरळ व जलद बस सुरू. साहेब त्या दिवशीं पोटभर जेविले.

मग वस्तींत ओरड जाहली. तेव्हां बाईंनीं मनीं योजिलें कीं आपण स्वतः त्या रिकाम्या बसमध्यें बसोन तसबीर काढवावी, म्हणजे लोकांची तोंडें बंद होतील. दिवस शुक्रवारचा नेमिला. त्याच दुपारीं मुख्य प्रधान क्लिफर्ड साहेब राज्यपालांकडे जाणार, आणि राज्यपाल शिक्का करोन विधानसभा विसर्जन करणार, ऐसें ठरलें होतें. त्या मुलुखाचा रिवाज असा कीं एकदां सभा विसर्जन जाहली म्हणजे सरकार काळजीवाहू होतें, आणि मग मंत्र्यानें नवा हुकूम काढूं नये, जुनाही मोडूं नये. हा रिवाज कोणी मोडीत नाहीं.

बाईंनीं आपली मोटार शहरास पुढें धाडिली, आणि टेकडीवर बसमध्यें चढल्या. बस रिकामी. तसबीरवाल्यानें तसबीर काढिली आणि तो उतरोन गेला. मग पुढील थांब्यावर चार म्हातारीं चढलीं, आणि त्यापुढें आणखी चढलीं, आणि कोणी काठी घेऊन, कोणी पिशवी घेऊन, ऐसी बस भरोन गेली, तों बाईंस खिडकीशीं सरकावें लागलें. शेजारीं ग्वेनबाई म्हणोन एक वृद्धा मांडीवर डबा घेऊन बसली. तिनें बाईंस न्याहाळोन म्हटलें, "तू ती मंत्री ना? टीव्हीवर जरा उंच वाटतेस."

बाई कसनुशा हंसल्या आणि डबा कोणासाठीं म्हणोन पुसतां ती बोलिली, "माझ्या नवऱ्याला. आश्रमात असतो तो. मला आता ओळखत नाही, पण घास माझ्याच हातचा घेतो. दुसऱ्या कुणी भरवायला गेलं की तोंड मिटून घेतो. ही बस गेली तर मी कशी यायची ग? हमरस्त्यापर्यंत गुडघे उतरतील एकवेळ, पण चढणार कोण?"

बाई म्हणाल्या, "पण कार्डांच्या हिशेबात तर इथे कुणीच नाही!"

"कार्ड कशाला लावू?" ग्वेनबाई बोलिली. "गेल्या निवडणुकीत म्हाताऱ्यांना बस फुकट कुणी केली? तूच ना? तेव्हापासून आम्ही नुसतं चढतो आणि ड्रायव्हरला हसून बसतो."

तेव्हां बाईंस उमगलें कीं आपणच ज्यांस फुकट बसविलें, त्यांसच आपण नाहींसें केलें. लागलीच स्टुअर्ट साहेबांस फोन लाविला आणि म्हणाल्या, "फुकट बसणारे तुम्ही कुठे मोजता?" साहेब हळूच बोलिले, "कुठेच नाही. बाईसाहेब, माझं चुकलं. बस बंदचा हुकूम रद्द करणारा कागद मी तयार ठेवतो, पण सही तुमचीच लागेल, आणि राज्यपालांच्या शिक्क्याच्या आत."

मग बाईंनीं मुख्य प्रधानांस फोनवर विनविलें कीं थोडें थांबावें. प्रधान बोलिले, "राज्यपाल चहा मांडून बसलेत. एका बसचं काय घेऊन बसलीस! निवडून आल्यावर बघू." बाईंनीं फोन ठेविला. निवडून येणार कोण, हें प्रधानांसही ठाऊक नव्हतें. आणि बस आपली वळसे घेत चालली. दवाखान्यापाशीं दुसरीं उतरलीं, आश्रमापाशीं ग्वेनबाई उतरली, आणि त्या मुलुखाची चाल अशी कीं उतरतां उतरतां प्रत्येकानें ड्रायव्हरास "थँक यू" म्हणावें आणि त्यानेंही निगुतीनें उत्तर करावें. बाई मनांत देवाचा धांवा करीत, आणि दर वळणावर त्यांस स्टुअर्ट साहेबांची सरळ रेघ आठवे.

इकडे प्रधान प्रचाराच्या बसमधून निघाले होते. वाटेंत रेल्वेचा एक ठेंगणा पूल. त्याखालीं दरसाल उंच गाड्या अडकतात. पाट्या लाविल्या, दिवे लाविले, तरी अडकतात, आणि लोक ती मौज पाहावयास जमतात. प्रधानांची बस एरवीं खालून जाती, परंतु निवडणुकीस्तव टपावर त्यांची अंगठा दाखविणारी भव्य तसबीर उभी केली होती. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, अडेल. वळसा घेऊ?" प्रधान बोलिले, "बसवर आपली घोषणा 'सरळ मार्ग' अशी लिहिलीय, आणि वळसा घेऊ?" मग बस गेली आणि तसबीर अडकली, अंगठ्यापासोन गळ्यापर्यंत. वार्ताहर धांवले. प्रधानांनीं उतरावें तर शेकडों तसबिरा निघणार, म्हणोन त्यांनीं पडदे ओढिले आणि आंत घामाघूम बसोन राहिले, आणि कारागिरांनीं चाकांची हवा सोडोन बस मागें ओढीपर्यंत हालले नाहींत.

तंववर बाई कचेरींत पोंचल्या. स्टुअर्ट साहेब दारांतच लेखणी घेऊन उभे. बाईंनीं उभ्या उभ्या सही केली, शिक्का मारिला, आणि सात नंबर वांचली. मग खबर आली कीं प्रधान आतां कोठें राज्यपालांकडे पोंचले. बाई मटकन खुर्चींत बसल्या, पायांतले बूट भिरकाविले, आणि हंसूं कीं रडूं ऐसें होऊन दोन्ही केलें. साहेबांनींही सुटकेचा निःश्वास टाकिला आणि आपल्या हातें चहा करोन आणिला. चहा पाणचट होता, पण दोघांस अमृत लागला.

सोमवारीं दोन प्रहरीं बाई कोणास न सांगतां सात नंबरनें आश्रमास गेल्या आणि दारांतूनच पाहिलें. ग्वेनबाईनें डबा उघडिला. म्हाताऱ्यानें तिजकडे परक्यासारखें पाहिलें, आणि घास पुढें येतांच तोंड उघडिलें. बाई तशाच पाउलीं परतल्या आणि बसच्या थांब्यावर बसोन मनसोक्त रडल्या.

पुढें निवडणूक जाहली, प्रधानांचा पक्ष पडला, बाईंचें पद गेलें. त्या रात्रीं त्या कित्येक वर्षांनीं गाढ निजल्या. येणेंप्रमाणें सरकार गेलें, बस राहिली, आणि आश्रमांतला म्हातारा रोज जेवीत होता. इति वर्तमान समाप्त.