आधी वाच, मग सही

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये नवी नोटीस लागली की पपांना घरी पोचायला उशीर होतो. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. पाचवा मजला येतो, दार उघडतं, दार मिटतं आणि पपा नोटीस वाचत पुन्हा खाली जातात. वाचतात तेही मोठ्याने. पाण्याची टाकी साफ होणार, एवढ्या मजकुरासाठी एकदा ते तीन वेळा तळमजल्याला जाऊन आले. शेवटी वॉचमनने आईला फोन केला, "भाभीजी, अ‍ॅटर्नी साब लिफ्ट में अटक गये क्या?"

"नहीं भैया," आई म्हणाली, "वो पढ रहे हैं."

पपा फिलिपिनो, आई ठाण्याची आणि मी दुबईची. पपा बातांगासचे वकील. त्यांच्याकडे वकिलाला नावाने हाक मारत नाहीत, अ‍ॅटर्नी म्हणतात, आपण डॉक्टरला डॉक्टर म्हणतो तसं. इथे ते कोर्टात उभे राहू शकत नाहीत, म्हणून दुबईच्या देरा भागातल्या एका कामगार पुरवणाऱ्या कंपनीत कागदपत्रं बघायचे. कोर्ट सुटलं, हाक सुटली नाही. आईसुद्धा त्यांना "अहो अ‍ॅटर्नी" म्हणते.

त्यांचा एकच मंत्र. "बासा मुना, बागो पिर्मा!" म्हणजे आधी वाच, मग सही. माझ्या शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर ते इतक्या शंका काढायचे की बाई मला सगळ्यात आधी फॉर्म द्यायच्या आणि सगळ्यात शेवटी परत मागायच्या. फोनमधल्या अ‍ॅपच्या अटी शेवटपर्यंत वाचणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. ठाण्याला लग्न लागलं तेव्हा सप्तपदीच्या प्रत्येक पावलाला थांबून त्यांनी गुरुजींकडून अर्थ समजून घेतला. पाचव्या पावलाला विचारलं, "आणि हे वचन मोडलं तर?" गुरुजींना आजवर असं कोणी विचारलं नव्हतं. पंगती खोळंबल्या म्हणून माझे आजोबा घामाघूम झाले होते.

मी दहावीत असतानाची गोष्ट. शनिवार होता. मी घरी गणितं सोडवत होते आणि पपांचा ऑफिसातून फोन आला. आम्ही दोघं इंग्रजीत बोलतो, पण इथे मराठीतच सांगते. "आनाक," ते म्हणाले. त्यांच्या भाषेत आनाक म्हणजे बाळ. "तुझी मराठी घेऊन ताबडतोब ये."

मी मेट्रोने देऱ्याला गेले. ऑफिसात शाळा भरली होती. खोर फक्कानच्या बंदरावर जाणारे अकरा कामगार आदल्या दिवशी आले होते. त्यांची बस खाली उभी होती. पपांनी फक्त एका कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची होती: 'अकराही जणांना करार त्यांच्या भाषेत वाचून दाखवला, तो त्यांना समजला आणि मान्य आहे.' आधीचे साक्षीदार कामगारांचं तोंडही न बघता सही करत. पपांनी नेपाळी वॉचमनला वर बोलावलं, समोरच्या कॅफेटेरियाच्या मल्याळी मालकाला गल्ला सोडून आणलं, हिंदीसाठी ड्रायव्हरला बसवलं. दहा जणांचं वाचन झालं होतं. राहिला होता अकरावा. जत तालुक्यातला ज्ञानोबा.

"अ‍ॅटर्नी, उसको हिंदी आता है," मॅनेजर म्हणाला. "देखो, हां बोल रहा है. यल्ला, साइन करो, खलास!"

ज्ञानोबा खरोखरच नंदीबैलासारखी मान डोलावत होता. पपांनी आपल्या मोडक्या हिंदीत त्याला विचारलं, "तुम चांद पे जाएगा?"

"हां साब," ज्ञानोबा म्हणाला.

मॅनेजर सोडून सगळे हसले. मग मी ज्ञानोबाशेजारी बसले आणि इंग्रजी करार मला जमेल तसा मराठीत सांगू लागले. माझी मराठी शनिवारच्या मराठी वर्गातली. त्या वर्गाला मी रडत जायचे आणि पपा मला हाताला धरून न्यायचे. 'काम' या रकान्याशी आले आणि ज्ञानोबाची डोलणारी मान थांबली.

"हमाल? ताई, नीट वाचा की. मला क्रेनवर घेतलंय. सहा वर्सं क्रेन चालवलीय मी."

मी पुन्हा वाचलं. माल चढवणारा-उतरवणारा. तेच होतं.

"मग न्हाई करत सही," ज्ञानोबा म्हणाला आणि पेन टेबलावर ठेवलं.

मॅनेजर पपांना कोपऱ्यात घेऊन गेला. एका माणसाचं नंतर बघू, कागद अकराचा आहे, अकरावरच सही करा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. मला सगळं ऐकू येत होतं. पपांची नोकरी म्हणजे आम्हा तिघांचा व्हिसा. ती गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर माझी दहावी अर्धी टाकून चंबूगबाळं आवरायचं.

"पपा, जस्ट साइन! प्लीज!" मी म्हणाले. आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

पपा रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "आनाक, त्याला वाचून कोणी दाखवलं?"

"मी."

"तो काय म्हणाला?"

पपांनी कागद पुढे ओढला, 'अकरा' खोडून 'दहा' लिहिलं, बाजूला छोटी सही केली, खाली मोठी सही केली आणि तारीख घातली. मग पेनाला टोपण लावून खिशात ठेवलं. आवाज चढवला नाही, भाषण दिलं नाही. जो माणूस लिफ्टमध्ये स्वतःचं हसं करून घेतो तो हाच, हे मला खरं वाटेना.

नोकरी गेली. "पाण्यात राहून माशाशी वैर!" आई दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी उठून तिने आपली क्लिनिकमधली अर्ध्या वेळेची नोकरी पूर्ण वेळेची करून घेतली आणि मुदत संपायच्या आत आम्हा दोघांना तिच्या व्हिसावर घेतलं. ते कागदही पपांनी मोठ्याने वाचले आणि आईच्याच नावात चूक काढली. पुढे ते बर दुबई भागात सरकारी अर्ज भरून देणाऱ्या एका टायपिंग सेंटरवर लोकांना फॉर्म समजावून सांगू लागले. तिथली रांग सगळ्यात हळू सरकते, तरी लोक त्याच रांगेत उभे राहतात.

ज्ञानोबा परत गावी गेला आणि वर्षाने दुसऱ्या कंपनीतून आला, क्रेनवर. दर दिवाळीला खोर फक्कानहून बिस्किटांच्या जुन्या डब्यात चिवडा घेऊन येतो. पपा डब्यावरचे बिस्किटांचे घटक वाचतात, मग चिवडा खातात.

यंदा मला पुण्याच्या लॉ कॉलेजात प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दुपारी हॉस्टेलचं पालकांचं हमीपत्र समोर आलं. दोन पानं, सगळं मराठीत. आता अख्खी दुपार यातच जाणार, असं समजून मी पहिल्या कलमाचं इंग्रजी करू लागले.

पपांनी पान उलटलं आणि सही केली. तारीखसुद्धा घातली.

"पपा! बासा मुना!"

"तू वाचलंयस ना?"

"हो."

"मग झालं." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "आता वाच."

"इंग्रजीत सांगू?"

"नको, मराठीतच. मोठ्याने."

मी दोन्ही पानं वाचली. पपा डोळे मिटून ऐकत होते. त्यांना एकही शब्द कळत नव्हता. वाचून संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"पुन्हा एकदा वाच, आनाक," ते म्हणाले. "हळू वाच."