वस्तऱ्याआधी, वस्तऱ्यानंतर

कर्जाच्या अर्जात सतरा रकाने होते. सोळा भरून झाले आणि सतराव्यापाशी सलूनवाल्याची सही अडली.

"पदवीनंतर अपेक्षित मासिक उत्पन्न," त्याने मोठ्याने वाचलं आणि आरशातूनच लेकीकडे पाहिलं. "किती लिहू?"

"मला कल्पना नाही, बाबा. पण शिकायचंय मला."

"कर्ज पाच लाखांचं, आणि कल्पना नाही! अगं, केस कापायला बसणारा माणूससुद्धा आधी भाव विचारतो."

"समाजशास्त्र आहे ते. माणसं एकमेकांशी कशी वागतात, का वागतात, ते शिकवतात."

"त्याला पैसे पडतात?" सलूनवाल्याला मनापासून आश्चर्य वाटलं. गेली वीस वर्षं तो हेच ऐकत होता, आणि वर गिऱ्हाइकंच त्याला पैसे देत होती.

अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. तो सोमवार. सलूनवाला हेकट असला तरी अन्यायी नव्हता. समाजशास्त्र शिकलेल्यांना आपण स्वतः विचारू, त्यातून निघेल तो आकडा लिहू, आणि तो हप्त्याला पुरणारा असेल तरच सही करू, असं त्याने जाहीर केलं. दुकानात खुर्ची एकच, त्यामुळे चौकशी तिथेच सुरू झाली.

मंगळवारी सकाळी पहिला समाजशास्त्रवाला सापडला. तो विमा विकायचा.

"महिना साठ हजार," तो फेसातून ऐटीत म्हणाला.

सलूनवाल्याने वस्तरा गळ्यावर टेकवला. "साठ ना?"

"बावीस," विमेवाला हनुवटी न हलवता म्हणाला. "तेही चांगल्या महिन्यात."

सलूनवाल्याने वस्तरा बाजूला ठेवला. मग त्याने एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले: 'वस्तऱ्याआधी' आणि 'वस्तऱ्यानंतर'. समाजशास्त्रवाले मिळणं मुश्कील, म्हणून तुलनेसाठी त्याने येईल त्याला विचारायला सुरुवात केली.

संध्याकाळी वही बघून लेकीने कपाळाला हात लावला. "बाबा, गळ्याला वस्तरा लावून कुणी पगार विचारतं का?"

"पण खरं बोलतात ना!"

"घाबरून बोलतात. कंगवा लावून विचारलं असतं तर तेच बोलले असते का?"

तिला हा उद्योग बंद पाडायचा होता. त्याला तो सल्ला वाटला. बुधवारी त्याने एकाआड एक गिऱ्हाइकाच्या गळ्यावर कंगवा फिरवला. ती माणसं फेस पुसून, आली तशी दाढी घेऊन घरी गेली. दाढी का झाली नाही, हे घरी सांगताना सगळंच सांगावं लागलं.

त्याच संध्याकाळी छापखान्यातल्या फोरमनची बायको नवऱ्याला बाहीला धरून घेऊन आली. "यांची दाढी करा."

"सकाळीच केली की," फोरमन म्हणाला.

"ती कंगव्याची. आता वस्तऱ्याने करा आणि पगार विचारा. मी बसते इथे."

घरी सांगितलेल्या पगारापेक्षा नऊ हजार जास्त निघाले. गुरुवारी उघडायच्या आधीच बाकावर बायका आणि पायरीवर नवरे. काहींची तर दोन दिवसांतली तिसरी दाढी होती. एकीने सासूबाईंच्या बांगड्यांचाही प्रश्न विचारायला सांगितला, पण सलूनवाल्याने तो विषयाबाहेरचा म्हणून नाकारला.

दुपारनंतर मात्र चिटपाखरू फिरकेना. गल्लीतल्या तमाम पुरुषांनी दाढी वाढवायचं ठरवलं होतं.

"झालं!" लेक रडवेली झाली. "माझं अपेक्षित उत्पन्न राहू दे, आता तुमचं किती लिहायचं?"

सलूनवाल्याने रिकाम्या खुर्चीवरचं कापड झटकलं. पोरीचं वर्ष आपण घालवलं, या विचाराने त्याला अपराधी वाटलं. तेवढ्यात छातीपर्यंत दाढी असलेले एक गृहस्थ आत आले. ते कॉलेजात समाजशास्त्र शिकवत.

"माझ्या वर्गातली मुलं एकाएकी दाढी वाढवायची म्हणायला लागली," ते म्हणाले. "का, म्हणून विचारलं तर सगळे तुमच्याकडे बोट दाखवतात."

त्यांनी उभ्याउभ्याच अख्खी वही वाचली, कंगव्याच्या पानांसकट. "हे तुम्ही केलंत? अहो, तुम्ही आमच्याकडे यायला हवं."

"कुणाची दाढी करायचीय?"

"शिकायला या! मोठ्या वयाच्यांसाठी जागा असतात. उद्यापर्यंत अर्ज द्या."

"साहेब, तुमचा पगार किती?"

प्राध्यापकांनी दोन्ही हातांनी दाढी धरली. "मला दाढी करायची नाहीये," असं म्हणून ते निघून गेले.

शुक्रवारी सकाळी आरशाखाली कर्जाचे दोन अर्ज होते, एक लेकीचा आणि एक सलूनवाल्याचा स्वतःचा. घरातला कुणीही जामीन चालेल, असं दोन्हींवर छापलं होतं. लेकीने बापाला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि एका गालाला फेस लावला.

"तुमचं अपेक्षित उत्पन्न किती लिहू?"

"चाळीस हजार," तो ऐटीत म्हणाला.

तिने वस्तरा गळ्यावर टेकवला. "चाळीस ना?"

सलूनवाल्याने छताकडे पाहिलं. या खुर्चीत तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसला होता.

"कल्पना नाही गं," तो हनुवटी न हलवता म्हणाला. "पण शिकायचंय मला."

लेकीने वस्तरा बाजूला घेतला. मग तिने आपला अर्ज त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने कापडाखालून हात काढला आणि सही केली. सतराव्या रकान्यावर फेसाचा गोळा पडला, तो कुणी पुसला नाही.

"आणि माझ्या अर्जावर?" त्याने हळूच विचारलं.

"बघू," लेक म्हणाली. "तुमच्या दोन उत्तरांत फार फरक आहे." आणि तिने दुसऱ्या गालाला फेस लावायला घेतला.