आवाज बंद, बाबा चालू

"माझ्या लॅपटॉपला कुणी हात लावू नका! सर्व्हर कंटेनरमध्ये टाकलाय!" ताई खोलीतून ओरडली.

"कुठल्या कंटेनरमध्ये?" स्वयंपाकघरातून आई दुप्पट आवाजात ओरडली. "घट्ट झाकणाचा घेतला असशील तर मुकाट्याने परत ठेव!"

ताईला नोकरी लागून जेमतेम महिना झाला होता. कंपनी व्हिडिओ मीटिंगचं अ‍ॅप बनवायची आणि त्यातलं 'सर्वांचा आवाज बंद' हे बटण ताईच्या गळ्यात पडलं होतं. ते दाबलं की सगळे गप्प व्हायचे, एक सोडून. तो एक कोण आणि का, हे कुणालाच कळेना. "संध्याकाळपर्यंत दुरुस्त कर, नाहीतर दुसरी नोकरी बघ हं," असं मॅडमनी अगदी साखरेत घोळवून सांगितलं होतं. म्हणून ताईने मीटिंगचा अख्खा सर्व्हर स्वतःच्याच लॅपटॉपमध्ये, एका बंदिस्त कप्प्यात चालू केला होता. त्या कप्प्यालाच म्हणायचं कंटेनर. आता हवी होती फक्त एकदम ओरडणारी माणसं. त्यांचा घरात तुटवडा नव्हता.

आई स्वयंपाकघरात, बाबा बेडरूममध्ये, आत्या गॅलरीत. प्रत्येकाच्या फोनवर ताईची मीटिंग, दारं बंद, कानात हेडफोन.

"हं, सगळे एकदम बोला!"

"वहिनी, आधी तुम्ही," आत्या म्हणाली.

"छे छे, वन्सं, तुमचा मान पहिला."

"मी काय, बोलेन सावकाश," बाबा म्हणाले.

ज्या घरात ग्लासभर पाण्यासाठीही बोंब मारावी लागायची, तिथे सभ्यतेचा पूर आला! ताई रडकुंडीला आली. शेवटी तिने ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"हॉलच्या पडद्याला इस्त्रीचं भोक कुणी पाडलं?"

झालं!

"वन्संनी! दुसरं कोण?" आई कडाडली.

"मी? मी इस्त्रीला शिवतसुद्धा नाही!" आत्या उसळली.

"तुझ्या आईनेच पाडलं! मी या डोळ्यांनी बघितलंय!" बाबांनी तर आभाळच डोक्यावर घेतलं.

ताईने बटण दाबलं. तिघांच्याही नावापुढे लाल फुली आली. सगळे चिडीचूप.

"हुश्श," बाबांचा निवांत आवाज आला. "वाचलो बुवा. टेबल कुठे मांडत बसा, म्हणून लटकत्या पडद्यावरच शर्टाला इस्त्री करायला गेलो..."

"सापडला!" ताई किंचाळली.

"सापडलाच!" आवाज बंद असूनही स्वयंपाकघरातून थेट आईची आरोळी आली.

बटण नेमकं सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्यालाच विसरत होतं! ताईने खडाखड कोड बदलला. "बाबा, आता पुन्हा तस्सेच ओरडा. मी बटण दाबलं की बोलत राहा. काहीही बोला."

बाबा ओरडले. ताईने बटण दाबलं. आणि बाबांनी जन्मात पहिल्यांदा, अगदी गहिवरून, बायकोची माफी मागितली. बहिणीचीही मागितली. नवा पडदा कबूल केला, कान पकडले. फोन नेहमीसारखा हनुवटीखाली धरलेला, त्यामुळे स्क्रीनवर दिसत होत्या फक्त दोन नाकपुड्या आणि हलणारे ओठ. ऐकू मात्र एक अक्षर आलं नाही.

"चाललं! नोकरी वाचली!" ताई पलंगावर नाचायला लागली.

आईने हेडफोन काढले आणि बेडरूमचं दार धाडकन उघडलं.

"एवढा वेळ तोंड हलवत बसलात," ती म्हणाली, "त्यापेक्षा एकदा माफी मागितली असती, तर जीभ झडली असती का?"