पहिल्या बोटीचं तेल

टोरलाईफचं इंजिन आपल्यापेक्षा चांगलं निघणार, या एका विचाराने ओडवारला आठवडाभर नाश्ता गोड लागत नव्हता.

तसं पाहिलं तर टोरलाईफचं सगळंच चांगलं होतं. दोघांच्या बोटी एकाच धक्क्याला, शेजारी शेजारी बांधलेल्या. पण समुद्रपक्षी घाण करायचे ते नेमके ओडवारच्या बोटीवर. सतरा मे या राष्ट्रीय सणाला शाळेची चोवीस मुलं झेंडे फडकवत बोटीने खाडीभर मिरवत. ती मुलांची पहिली बोट गेली अकरा वर्षं टोरलाईफची. ओडवारची दुसरी. दुसऱ्या बोटीत केक आणि छत्र्या असत.

यंदा मात्र सणाच्या समितीची अध्यक्ष बोर्गनी हिने फर्मान काढलं, "मुलं बसवायची तर इंजिनाचं तेल तपासून घ्यायचं. ज्याचा अहवाल चांगला, त्याची बोट पुढे."

माणसाचं रक्त तपासतात ना, तसंच इंजिनाचं वापरलेलं तेल तपासतात. इंजिन आतून झिजत असेल तर धातूचे बारीक कण तेलात उतरतात, कुठे गळत असेल तर पाणी उतरतं. तेल काही लपवत नाही.

ओडवारने इंजिन गरम करून बाटलीभर तेल काढलं, नावाचा कागद घालून खोक्यात ठेवलं आणि शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवायला सकाळी आठला बोर्गनीच्या दुकानात नेऊन दिलं. गावात किराणाही तिच्याकडे आणि पोस्टही तिच्याकडे. तिने बाटली खोक्यातून काढून कागदावर उलटी ठेवली.

"हे काय?" ओडवारने विचारलं.

"गळते का बघते. मागे कुणाचं तरी तेल पत्रांवर सांडलं होतं. अकराला खोकी बंद करीन."

ओडवारला घरी चैन पडेना. साडेदहाला तो परत आला. आता कागदावर दोन बाटल्या उलट्या उभ्या होत्या, दोन्ही सारख्याच, दोन्ही काळ्याकुट्ट. प्रत्येकीच्या मागे तिचं उघडं खोकं होतं, आणि नावाचा कागद त्या खोक्यातच.

"टोरलाईफपण ठेवून गेला," बोर्गनी म्हणाली. "तुला काय हवंय?"

"चीज दे. बकरीच्या दुधाचं. आतलं, ताजं."

बोर्गनी आत वळली. ओडवारने आयुष्यात कधी काही चोरलं नव्हतं. पण हात आपोआप पुढे झाले, आणि बोर्गनी चीज घेऊन येईपर्यंत इकडची बाटली तिकडे आणि तिकडची इकडे झाली होती.

दहा दिवसांनी अहवाल आले. बोर्गनीने ते दुकानाच्या दारावरच डकवले. टोरलाईफ: 'उत्तम.' ओडवार: 'तेलात समुद्राचं पाणी व धातूचे कण. इंजिन चालवू नये.'

ओडवारला आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हणजे टोरलाईफचं इंजिन सडलंय तर! अकरा वर्षांचा तोरा, आणि आत खारं पाणी!

मग त्याच्या लक्षात आलं, की ही गोष्ट आपण कुणालाच सांगू शकत नाही.

सगळा गाव येऊन त्याचं सांत्वन करू लागला. टोरलाईफ तर ताटभर वॅफल घेऊन आला. "वाईट वाटून घेऊ नकोस रे. इंजिन म्हणजे काय, आज आहे, उद्या नाही." ओडवारने ते वॅफल दात खात चावले.

सोळा मेच्या दुपारी मुलं सरावाला आली. चोवीस जण, नारिंगी जॅकेटं घातलेले, टोरलाईफच्या बोटीत किलबिलत चढले. टोरलाईफने किल्लीला हात घातला. ओडवारच्या डोळ्यांसमोर भर खाडीत बंद पडलेली बोट आली, आणि खडकांकडे ओढणारी भरती.

"थांब!" तो ओरडला. "मुलांना उतरव! तुझं इंजिन खराब आहे!"

"आता हेवा पुरे, ओडवार," बोर्गनी म्हणाली. "मुलांसमोर तरी."

"हेवाच! हेव्यापोटीच मी बाटल्या बदलल्या. तो वाईट अहवाल ह्याचा आहे!"

टोरलाईफचा चेहरा पांढरा पडला. पण तो चिडला नाही. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"तू बदलल्यास?" तो हळूच म्हणाला. "कारण... मीपण बदलल्या होत्या."

"तू? तू कशाला बदलशील?"

"तुझं इंजिन काय गोड वाजतं रे! रोज सकाळी ऐकतो नि जळतो. म्हटलं, यंदा पहिली बोट गेली. मग वाईट अहवाल माझाच समजून रात्री इंजिन खोललं, तर आत पाण्याचा थेंब नाही!"

बोर्गनी बोटांवर मोजत होती. "एकदा ह्याने, एकदा त्याने... म्हणजे बाटल्या आपापल्या जागी! ओडवार, वाईट तेल तुझंच. चालव हो टोरलाईफ, मुलं खोळंबलीत. तुम्हा दोघांना नंतर बघते."

सणाच्या दिवशी केक आणि छत्र्याही टोरलाईफच्याच बोटीत गेल्या. ओडवार बायकोबरोबर धक्क्यावर उभा होता.

"इंजिनाचं वेळेत कळलं, मुलांपुढे खरं बोललास," मारित म्हणाली. "मग तोंड का पाडलंयस?"

"टोरलाईफला विचारलं मी, बाटल्या किती वाजता बदलल्यास म्हणून."

"मग?"

"सव्वानऊ!" ओडवार कळवळून म्हणाला. "तिथेही माझ्या आधी!"