डाळीचा वाघ

एका जंगलात एक वाघ राज्य करत होता. सिंह नव्हता. गोष्टीत दर वेळी सिंहच कशाला लागतो कुणास ठाऊक. आपल्या मुलखात कुणी पाहिलाय तो? वाघ होता, म्हणून वाघ. आता पाय पोटाशी घेऊन बसा आणि मधे बोलू नका.

त्या जंगलाच्या पल्याड, ओढा ओलांडून गेलं की एक उघडी टेकडी होती. राजाचा दौरा तिकडे कधी जायचा नाही, कारण तिथं सावली नव्हती. डुकरं, भेकरं, ससे, सायाळी मात्र सगळी तिथंच राहायची. सावलीच्या जागा साहेबलोकांना दिलेल्या होत्या.

टेकडीवर हौसा नावाची एक रानडुकरीण होती. अंगानं आडवी आणि तोंडानं फटकळ. तिचे दिवस भरत आले होते.

मागच्या खेपेला हौसाला पोरं झाली ती उंदराएवढी. उन्हाळाभर बिचारीनं वाळक्या मुळ्या उकरून चघळलेल्या. त्यावर दूध कुठलं येणार? सगळ्यात धाकटं पोर डोळे मिटून आचळ शोधायचं. सापडायचं, पण त्यातून काही यायचं नाही. एक दिवस त्यानं शोधायचंच सोडलं. हौसानं त्याच्यावर पळसाची पानं ओढली आणि बरेच दिवस ती कुणाला शिवीसुद्धा देईना. तेव्हाच टेकडीला कळलं की हिचं काहीतरी बिनसलंय.

या खेपेला तिनं ठरवून टाकलं होतं. दिसेल ते खायचं. लाज धरायची नाही.

नेमकं त्याच वर्षी राजाच्या कानावर गेलं की पल्याडच्या टेकडीवर पोरं काटकुळी निपजतात, आयांच्या अंगात रगत नाही. राजाला फार वाईट वाटलं.

काय रे? वाघ त्यांना खातच असेल, मग वाईट कशाला वाटेल? दौऱ्यावर असताना खात नाही. तशी रीतच आहे. गप बस.

तर राजानं हुकूम सोडला. पोटुशा आयांना चांगलंचुंगलं खाऊ घाला. मी स्वतः येऊन बघतो.

यातलं पहिलं बोलणं चांगलं होतं. घोळ केला तो दुसऱ्यानं.

पोषणाचं खातं मोरसाहेबांकडे होतं. मोराला पोषणातलं काय कळतं असं विचारू नका. दिसायला चांगला होता. गव्यांच्या पाठीवर लादून पोती आली. हरभऱ्याची डाळ, मूग, मसूर, शेंगदाणे, तीळ, गुळाच्या ढेपा आणि शेवग्याच्या शेंगांचे भारे. टेकडीवर झोपलेल्या हौसाच्या नाकात वास शिरला. ती जागी झाली ती चालतच. पोट जमिनीला घासत, धापा टाकत, वाटेतल्या सगळ्या पोटुशांना हाका मारत ती खाली उतरली.

खाली उंबराच्या झाडाखाली बालवाडी होती. साळूताई नावाची साळुंकी ती चालवायची. पोरांची वजनं तिनं करायची, अंगण तिनं झाडायचं, पाणी तिनं आणायचं आणि साहेब आले की स्वागतगीतही तिनंच म्हणायचं. त्या दिवशी ती चोचीत मसूर धरून अंगणात वाकली होती.

"साळूताई, वाटप कधी आहे?" हौसानं विचारलं.

"वाटप नाही गं. रांगोळी आहे."

"रांगोळी खातात?"

"बघतात."

झालं होतं असं. मोरसाहेबांनी डोकं चालवलं. धान्य वाटलं तर या बाया खाऊन टाकणार. मग महाराज येऊन बघणार काय? रिकामी पोती. रिकाम्या पोत्याकडे बघून कुणालाही संशय येतो. त्यापेक्षा सगळं धान्य एकदम अंगणात मांडावं, म्हणजे महाराजांना एका नजरेत पोषण दिसेल. पोषणाची रांगोळी. असं आजवर कुठल्या जंगलात झालं नसेल, असं ते म्हणाले आणि पिसारा फुलवून स्वतःभोवती एक गिरकी घेऊन आले.

साळूताईनं आधी मधोमध माता आणि बाळ काढलं होतं. मोरसाहेबांनी बघितलं आणि विचारलं, महाराज कुठायत? मग कोपऱ्यात एक लहानसा वाघ काढला. महाराज लहान कसे, असं झालं. वाघ मोठा केला. वाघाचा पंजा बाळावर पडला, म्हणून बाळ सरकवलं. शेपटी मातेच्या डोक्यातून गेली, म्हणून माता सरकवली. शेवटी अंगणभर वाघ झाला. अंग हरभऱ्याच्या डाळीचं, पट्टे काळ्या तिळाचे, डोळे मसुरीचे, दात सोललेल्या शेंगदाण्यांचे आणि मिशा शेवग्याच्या शेंगांच्या. जीभ अख्ख्या ढेपांची, बाहेर लोंबणारी. माता आणि बाळ वाघाच्या मागच्या पायापाशी खाली कोपऱ्यात. तोवर पोती संपली होती. मातेला नुसती मुगाची एक रेघ मिळाली. बाळाच्या वाटणीला एक शेंगदाणा आला.

सगळ्या पोटुशांना रांगोळीभोवती गोल बसवलं. प्रत्येकीच्या कानामागं एक एक फूल खोचलं. सायाळीला खोचायला जागा सापडेना, म्हणून तिच्या सगळ्या काट्यांवर खोचली. ती खुळी इकडे तिकडे वळून वळून स्वतःकडे बघत बसली.

मग मोरसाहेबांचं भाषण झालं. गरोदरपणी आहार चौरस पाहिजे, असं त्यांनी समजावलं. पायानं दाखवत गेले. वाघाच्या पाठीत ताकद आहे. पट्ट्यांत हाडांचा जोर आहे. जिभेत रक्त आहे.

"नीट बघून घ्या सगळ्या," ते म्हणाले.

"बघितलं," हौसा म्हणाली. "आता?"

"आता लक्षात ठेवा."

एवढं सांगून साहेब राजाला आणायला वाटेच्या वळणावर गेले. जाताना साळूताईला बजावून गेले की रांगोळीवरून नजर हलवू नकोस.

राजा काही येईना. राजे वेळेवर येत नसतात. ऊन डोक्यावर आलं. पोटातली पिल्लं लाथा झाडायला लागली. हौसाच्या पुढ्यात, अगदी नाकाखाली, पाठीवरून वळून तोंडाकडे आलेल्या वाघाच्या शेपटीचा शेंडा होता. वाऱ्यानं एक डाळ घरंगळून तिच्या पायाशी आली. हौसानं इकडे तिकडे बघितलं आणि ती उचलली.

बरी लागली.

मग तिनं शेंड्याची आणखी थोडी उचलली. मग आणखी थोडी. शेजारी इठाबाई नावाची भेकरीण बसली होती, पहिलटकरीण, भित्री. ती कुजबुजली, "हौसाक्का, वाघाची शेपटी आखूड झाली."

"वय झालंय त्याचं."

इठाबाईच्या पुढ्यात वाघाच्या मिशा होत्या. तिनं एक शेंग नुसती हुंगली. हुंगता हुंगता दात लागला. तिकडे सशीण वाघाचा पुढचा पंजा कुरतडू लागली. सायाळीनं फुलांसकट पट्ट्यांवर झेप घेतली. आणि हौसा उठली. तिनं वाघाच्या कमरेत तोंड खुपसलं आणि नांगर चालवावा तशी सरळ मानेपर्यंत गेली.

पोरांनो, काय सांगायचं ते जेवण. कान गेले, डोळे गेले, दात तर कडाकडा फुटले. एक कुणी छातीत बसून खात होती, दुसरी पोटात लोळून खात होती. भित्री इठाबाई वाघाच्या नाकावर उभी राहून जीभ चाटत होती आणि मधेच हसू येऊन तिला ठसका लागत होता. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना ढकलत ढकलत गुळापाशी नेलं.

साळूताई सगळं बघत होती. मग तिला एकाएकी आठवलं की स्वागतगीताचा सराव राहिलाय. ती उंबराकडे तोंड करून, डोळे मिटून, जोरजोरात गाऊ लागली. तिला हुकूम होता रांगोळीवरून नजर न हलवण्याचा. डोळे मिटू नकोस असं कुणी सांगितलं नव्हतं.

खाता खाता हौसा कोपऱ्यातल्या माता-बाळापाशी आली. सशीण त्या एकुलत्या शेंगदाण्यावर टपलीच होती. हौसानं तिला खांद्यानं बाजूला सारलं.

"यांना राहू दे," ती म्हणाली. "आधीच वाळलेली आहेत."

तेवढ्यात राजा आला.

वाघ अंगणाच्या मधोमध उभा राहिला. खाली जमीन चाटूनपुसून लख्ख. भोवती पोटुशा आयांचं कडं, सगळ्यांची तोंडं चिकट. इठाबाईच्या तोंडातून शेवग्याची शेंग अर्धी बाहेर आलेली. कोपऱ्यात मुगाची एक बाई आणि एक शेंगदाणा.

"मी यात कुठाय?" राजानं विचारलं.

मोरसाहेबांचा पिसारा मिटला. म्हणाले, "महाराज, इथंच होतात."

"मग गेलो कुठं?"

 हौसानं जिभेनं नाकावरचा गूळ पुसला. "खाल्लं तुम्हाला."

"कुणी?"

"सगळ्यांनी मिळून."

त्या वाघानं आयुष्यात पुष्कळांना खाल्लं होतं. पण आपल्याला कुणीतरी खाल्लंय हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.   मग त्यानं बारीक आवाजात विचारलं, "कसा लागलो?"

"जीभ चांगली होती, महाराज. बाकी अंगाला मीठ कमी पडलं."

एवढं बोलून हौसाला ढेकर आली. मोठी, लांबलचक. तिच्यामागं सगळ्यांनाच आल्या. मग हौसानं राजाकडे शेपटीच्या शेंड्यापासून मिशांपर्यंत एकदा नीट बघितलं आणि आपुलकीनं विचारलं, "आणखी आहात का?"

राजाला आठवलं की त्याला दुसरीकडे दौरा आहे. तो मागच्या मागं सरकत गेला, शेपटी पोटाखाली धरून, ओढ्यापर्यंत. पलीकडे पोचल्यावर तो पळाला असं म्हणतात. गंभीर प्रसंग होता. टेकडी मात्र हसून हसून लोळत होती, आणि पोट धरून हसताना दोघींना तिथंच कळा सुरू झाल्या.

हौसाची पोरं त्याच आठवड्यात झाली. गरगरीत. पोटं भोपळ्यासारखी, आवाज तुतारीसारखे. सगळ्यात धाकटं डोळे मिटून शोधत शोधत आलं.  त्यानं आचळ धरलं आणि ओढलं. मग त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरी धार ओघळली. हौसा बघत राहिली. दूध वाया घालवतो, मेला, असं म्हणाली. तिचा आवाज मात्र शिवी देतानाचा नव्हता.

इकडे घुबडांची चौकशी समिती बसली. समितीनं टेकडीवर जाऊन पाहणी केली. पोरं टुणटुणीत आहेत हे तिला दिसलं, कारण त्यांनी समितीची पिसं उपटली. पण पोरांचं तिला विचारलेलं नव्हतं. विचारलं होतं रांगोळीचं. समितीनं ठरवलं की झाला प्रकार वाईट, आणि यापुढे रांगोळी पक्की करावी. डाळ डिंकानं चिकटवावी, म्हणजे कुणाला उचलता येणार नाही.

पुढच्या वर्षी पोत्यांबरोबर डिंकाच्या गोण्या आल्या. साळूताई उडत उडत टेकडीवर गेली.

"हौसाक्का, डिंक आलाय."

"कुणाला? बाळंतिणींना?"

"नाही गं. डाळीला."

 मग हौसाला जे हसू फुटलं ते आवरेना. ती खाली बसली, पोरं तिच्या अंगावर चढली, तरी ती हसतच होती. गूळ आहे, शेंगदाणे आहेत, आता डिंकही आला. बाळंतिणीच्या कंबरेला आणखी काय पाहिजे?

थोड्या वेळानं ती डोळे पुसत म्हणाली, "साळूताई, एक काम कर. साहेबाच्या कानात घाल. म्हणावं, वरून तूप ओतलं की रांगोळीला चकाकी येते."

साळूताई गेली. मोरसाहेबांना कल्पना फारच पसंत पडली.

तात्पर्य : मुलांनो, पोषण कसं, नीट मांडून ठेवावं आणि लांबून बघावं. हावरटासारखं खाऊ नये. खाल्लं की ते संपतं, आणि मग साहेबाला दाखवायला मागं नुसती धट्टीकट्टी पोरं उरतात. त्यांची काही रांगोळी होत नाही. एका जागी बसतील तर शपथ.