वैजू अडखळतच बोलते

आमच्या विरारच्या सोसायटीत पाण्याची नोटीस लागली की आम्ही वेळ नंतर बघतो, आधी खालची टीप वाचतो. सेक्रेटरी मोरेकाका तिथे काय लिहितील याचा नेम नाही. गेल्या महिन्यात टँकरच्या वेळेखाली, सोसायटीच्या शिक्क्यासकट, त्यांनी लिहिलं होतं : ‘कादंबरीतली वैजू अडखळत बोलते. सिनेमात ती घडाघडा बोलते. सदर बदल चुकीचा आहे. रहिवाशांनी नोंद घ्यावी.’

दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनी ते वाचून माझ्याकडे आल्या. “म्हणजे टँकर येणार की नाही?”

टँकर आला. काकांची हरकत मात्र फळ्यावर तशीच राहिली.

कादंबरी जादूची, सातशे पानांची. वैजू त्यातली दिवे लावणारी बाई. मंत्र संपला की राक्षस उलटून वार करतो. पण हिचा मंत्र नेमका संपला कधी, हे त्या बापड्याला कळतच नाही. शब्दाशब्दाला थांबत ती त्याला पार दमवते. सिनेमावाल्यांनी तिला विशीतली केली, हातात तलवार दिली आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखं बोलायला लावलं.

काका-काकू सिनेमा पाहून आले, आणि तेव्हापासून काका जिन्यात भेटेल त्याला धरू लागले. “राक्षस बदला, माझं काही म्हणणं नाही. राजाला टक्कल द्या. पण वैजूला हात लावायचं काय नडलं होतं?”

मी एकदा म्हणालो, “काका, सिनेमाच तो. सोडून द्या.”

“तुझं मत इतिवृत्तात घेतो,” काका म्हणाले. आणि खरंच घेतलं. लिफ्टच्या दुरुस्तीनंतरचा विषय तोच आहे.

मोरेकाकूंना मात्र बारा वर्षांत आम्ही धड बोलताना ऐकलं नव्हतं. दारात हसायच्या, वाटी परत द्यायच्या, आत जायच्या. काकांपुढे बिचारीला बोलायला मिळत नसेल, असं आम्ही चेष्टेत म्हणायचो.

परवा रविवारी अर्नाळ्याहून आणलेले सुके बोंबील द्यायला गेलो. जाळीच्या दारातून काकू दिसल्या. मांडीवर ती कादंबरी, आणि त्या मोठ्याने वाचत होत्या. “वै... वैजूने वा... वा...” शब्द अडला. समोर काका बसले होते. त्यांनी शब्द पुरवला नाही, घाई केली नाही, नुसते ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, “वात वर केली.”

मला पाहून काका दाराशी आले आणि हळूच म्हणाले, “थिएटरात नवी साडी नेसून आली होती रे. आपल्यासारखी एक बाई पडद्यावर बोलणार म्हणून. वैजू तोंड उघडून घडाघडा बोलायला लागली, तसा हिने माझा हात सोडला. सिनेमा संपेपर्यंत परत धरला नाही.”

माझं ते इतिवृत्तातलं मत फाडून टाकावंसं वाटलं.

“आ... आ...” काकू आतून म्हणत होत्या. मी दारातच थांबलो. काकाही थांबले.

“आत ये,” काकू म्हणाल्या. मग मी चपला काढल्या.